जुन्या ट्यूब-टायरांनी सायकलच्या फ्रेमचे रक्षण कसे करावे

सायकलच्या फ्रेमचा रंग सर्वांत आधी जिथे उडतो, त्या जागा जवळजवळ प्रत्येक सायकलवर सारख्याच असतात. पहिली जागा उजव्या बाजूची. चेनच्या वरच्या आणि खालच्या पदरांच्या मधून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या या नळीला चेनस्टे म्हणतात. दुसरी जागा खालच्या तिरक्या दांडीचे पोट, ज्यावर पुढच्या चाकाने उडवलेली खडी आपटते. तिसरी जागा हॅण्डलखालच्या उभ्या नळीच्या दोन्ही कडा, जिथे ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी प्रत्येक वळणाला घासतात. आणि चौथी, आडव्या दांडीचा तो भाग, जो सायकल खांबाला किंवा भिंतीला लावताना दर वेळी टेकतो. या जागांसाठी बाजारात तयार आवरणे मिळतात. तथापि पंक्चर काढून काढून शेवटी बाजूला टाकलेली ट्यूब, गुळगुळीत झालेला टायर आणि बदललेल्या वायरीचे आऊटर (तारेवरचे बाहेरचे वेष्टन) एवढ्या सामानातून तेच काम होते, आणि नीट केले तर काही ठिकाणी अधिक चांगले होते. मात्र ते नीट करावे लागते, कारण चुकीच्या जागी किंवा चुकीच्या पद्धतीने गुंडाळलेले रबर फ्रेमला उघड्या फ्रेमपेक्षाही जास्त इजा करते. या लेखाचा बराचसा भाग त्यामुळेच गुंडाळण्याआधीच्या आणि नंतरच्या काळजीविषयी आहे.

नाशिककरांसाठी हे काम मे महिन्यात, पावसाच्या आधी उरकणे सोयीचे. शहरात पाऊस बेताचा असला तरी त्र्यंबकेश्वराकडे किंवा इगतपुरीकडे गेल्यावर तो कित्येक पटींनी वाढतो आणि नेमके त्याच दिवसांत सायकलस्वार तिकडे जातात. गिरणारे, मखमलाबाद, दिंडोरी या बाजूंच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते, ती पावसात चिकट होते आणि चेनस्टेपासून ब्रेकपर्यंत सगळीकडे थापली जाते. ही माती वाळली की तिचे बारीक कण दोन पृष्ठभागांच्या मध्ये अडकतात आणि पॉलिश पेपरसारखे रंग खरवडतात.

आपली फ्रेम कशाची आहे, हेही आधी पाहून घ्यावे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा दोघांच्या संघात पूर्ण केली आणि लांब पल्ल्याच्या सायकलिंगची चर्चा शहरात घरोघरी पोहोचली. आज गंगापूर रोडवर सकाळी अॅल्युमिनियमच्या आणि कार्बनच्या हलक्या फ्रेम दिसतात, तर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या कामगारांकडे अजूनही भक्कम पोलादी सायकली आहेत. पोलादाचा रंग उडाला की तिथे गंज धरतो आणि रबराखाली अडकलेले पाणी तो गंज वाढवते. अॅल्युमिनियम तांबूस गंजत नाही, पण त्याची नळी पातळ असते आणि खोल ओरखडा किंवा पोचा तिला कमकुवत करतो. कार्बनच्या बाबतीत चेन फ्रेम आणि दात्यांच्या मध्ये अडकून धागे कापले गेले तर नुकसान गंभीर असते. म्हणून काम एकच असले तरी पोलादी सायकलीवर सर्वांत जास्त लक्ष ओलाव्याकडे द्यावे, कार्बनवर सर्वांत जास्त लक्ष घर्षणाकडे द्यावे.

ट्यूब निवडणे आणि तयार करणे

आजच्या बहुतेक ट्यूब ब्युटाइल रबराच्या असतात. या रबरातून हवा फार हळू झिरपते आणि ऊन-पावसात ते नैसर्गिक रबरापेक्षा जास्त टिकते, म्हणूनच ते फ्रेमवर बाहेर लावायला योग्य ठरते. त्याचा एक दोष मात्र लक्षात ठेवला पाहिजे. पेट्रोल, रॉकेल, खनिज तेल आणि ग्रीस लागले की ब्युटाइल रबर हळूहळू फुगते, मऊ पडते आणि शेवटी चिकट होते. त्यामुळे रबराखाली फ्रेमवर ग्रीस किंवा तेल चोपडून ठेवण्याची पद्धत टाळावी आणि चेनला तेल देताना खाली पडलेले थेंब फडक्याने पुसून घ्यावेत.

पंक्चर कितीही झालेले असले तरी चालते. हातात घेऊन ताणल्यावर ज्या ट्यूबवर बारीक भेगा उमटतात किंवा जी बोटांना चिकटते, ती मात्र घेऊ नये. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे अंतर सोडून ट्यूब कापावी आणि व्हॉल्व्हचा तुकडा बाजूला काढावा. आता लांब नळी उरते. पट्टी हवी असेल तर ट्यूबच्या आतल्या वळणावरची शिवण धरून कात्रीने लांबीला चिरावी. ट्यूबमध्ये पांढरी भुकटी असते. ती साबणाच्या पाण्याने धुऊन टाकावी, कारण भुकटी राहिली तर वेढे एकमेकांवर पकड घेत नाहीत. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळवावी.

सगळी ट्यूब एकदम चिरून ठेवू नये. काही कामांना पट्टी लागते आणि काही कामांना न चिरलेली नळी लागते. रस्त्यावरच्या बारीक टायरची ट्यूब आणि जाड टायरची ट्यूब अशा दोन्ही घरात असतील तर फारच उत्तम. नसतील तर पंक्चर काढणाऱ्याकडे मागावी, बहुतेक दुकानांत बाद ट्यूब खिळ्याला टांगलेल्या असतात.

चेनस्टे

गिअरची सायकल खड्ड्यात आपटली की चेनचा वरचा पदर क्षणभर सैल पडून खालच्या नळीवर आदळतो. टकटक असा जो आवाज येतो तो याचाच. सुरुवातीला रंगावर ठिपके दिसतात, मग रंगाचे टवके जातात. आवरण कुठपर्यंत हवे ते अंदाजाने ठरवू नये. चेन पुढच्या आणि मागच्या सर्वांत लहान चकत्यांवर आणावी, मागचे चाक जमिनीपासून थोडे उचलून आपटावे आणि चेन कुठे कुठे टेकते ते पाहून तिथे खडूने खुणा कराव्यात. त्या खुणांच्या दोन्ही बाजूंना तीन-चार सेंटीमीटर जास्त घेतले की पुरते.

यानंतर फट मोजावी, आणि ही पायरी कधीही वगळू नये. वेढे एकमेकांवर चढल्यावर रबराची जाडी सुमारे दोन मिलिमीटर होते. नळीच्या आतल्या बाजूला मागचा टायर आणि बाहेरच्या बाजूला पुढची चकती व क्रँक (पायडलचा दांडा) यांच्याशी काही सायकलींत जेमतेम चार-पाच मिलिमीटरची फट असते. चिखल साचल्यावर ती आणखी कमी होते. जिथे फट एवढी कमी आहे तिथे गुंडाळण्याऐवजी नळीच्या वरच्या अंगालाच दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने एकेरी पट्टी लावावी.

किती लांब पट्टी लागेल, याचा हिशेब सोपा आहे. समजा तीस सेंटीमीटर भाग झाकायचा आहे, पट्टी अडीच सेंटीमीटर रुंद आहे आणि प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर एक-तृतीयांश चढवायचा आहे. मग एका वेढ्याने सुमारे पावणेदोन सेंटीमीटर पुढे सरकता येते, म्हणजे अठरा वेढे लागतात. नळीचा परीघ साडेसहा सेंटीमीटर धरला तर पट्टी सुमारे सव्वा मीटर हवी. ओढून गुंडाळल्यावर ती त्याहून कमीच लागते. एका ट्यूबमधून हे काम सहज होते.

आधी नळी साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, स्पिरिट लावलेल्या फडक्याने पुसावी. रंग उडालेली जागा असेल तर ती आधी दुरुस्त करावी. पोलादावर गंज बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा, रेड ऑक्साइडचा प्रायमर लावावा, तो वाळल्यावर जुळणारा रंग लावावा. जागा लहान असेल तर नेलपॉलिशसुद्धा चालते. फ्रेम पांढरी किंवा फिकट रंगाची असेल, तर रबराखाली पारदर्शक चिकटपट्टीचा एक थर द्यावा, कारण काळ्या रबरातली रसायने कालांतराने फिकट रंगात उतरतात आणि तो तपकिरी डाग पुसून निघत नाही. पंक्चरचे सोल्यूशन रंगावर लावू नये. त्यातल्या द्रावकाने रंग मऊ पडू शकतो, आणि पट्टी पुढे काढायची असल्यामुळे ती कायमची चिकटवण्यात काही अर्थही नाही.

गुंडाळण्याची दिशा फार लोक विचारात घेत नाहीत, पण पावसाळ्यात फरक दिशेनेच पडतो. बहुतेक सायकलींत पायडलची धुरी जिथे बसते ती बीबी, मागच्या चाकाच्या आसापेक्षा थोडी खाली असते. म्हणजे चेनस्टे मागून पुढे उतरती असते आणि तिच्यावरचे पाणी बीबीकडे वाहते. म्हणून सुरुवात बीबीच्या बाजूने करावी आणि मागे, चढाकडे जावे. असे केल्याने वरचा प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर येतो आणि कौलांवरून ओघळावे तसे पाणी बाहेरून निघून जाते. उलट दिशेने गुंडाळले तर प्रत्येक सांध्याचे तोंड पाण्याकडे उघडे राहते.

पहिला वेढा सरळ घालून पट्टीचे टोक त्याच्याखाली दाबावे, मग पट्टी तिच्या लांबीच्या सव्वापट होईल इतकी ताणत तिरके वेढे घालावेत. फार ताणले तर रबर पातळ होते आणि काही महिन्यांत काठावर फाटते, सैल ठेवले तर वेढे सरकतात. शेवटचे दोन वेढे मुद्दाम थोडे ढिले ठेवून पट्टीचे टोक त्यांच्याखालून ओवावे आणि ओढून घट्ट करावे. जास्तीचे रबर कापून टाकावे. टोक तरीही सुटत असेल तर वायरमन वापरतात त्या काळ्या चिकटपट्टीचे दोन वेढे किंवा एक केबल टाय (ओढून आवळायची प्लास्टिकची पट्टी) पुरतो. केबल टायचे डोके नळीच्या खालच्या बाजूला ठेवावे, नाहीतर टाच लागून घोट्याजवळ खरचटते.

गिअरची उघडी तार चेनस्टेच्या खालून जात असेल तर ती वेढ्यांत घेऊ नये. तार रबराखाली अडकली की गिअर अडखळतात आणि दोष शोधण्यात मेकॅनिकचा वेळ जातो. तार पूर्ण आऊटरमध्ये असेल तर मात्र ती वेढ्यांत घेतलेली चालते.

साध्या पोलादी सायकलीसाठी मी गुंडाळण्यापेक्षा दुसरी पद्धत सुचवेन. ट्यूबचा तीस सेंटीमीटरचा तुकडा एका बाजूने चिरून तो नळीवर वरून पांघरावा, चीर खाली ठेवावी आणि दोन्ही टोकांना व मध्ये असे तीन केबल टाय लावावेत. दिसायला हे तितके नीटस नसते, पण आत गेलेले पाणी खालच्या चिरेतून निघून जाते, हवा खेळती राहते, आणि दर पंधरा दिवसांनी टाय कापून आतली नळी पाहणे दोन मिनिटांचे काम राहते.

आवरण घातल्यावर चेनचा ढिलेपणा दुर्लक्षित करू नये. बिनगिअरच्या सायकलीत चेन मधोमध दाबल्यावर ती एक-दीड सेंटीमीटर खाली-वर होणे ठीक, त्याहून जास्त होत असेल तर मागचे चाक मागे ओढून घ्यावे. गिअरच्या सायकलीत चेन जुनी होऊन लांबली असेल किंवा मागच्या गिअरची स्प्रिंग थकली असेल, तर रबर फक्त आवाज लपवते.

तिरक्या दांडीचे पोट

इथे ट्यूब एकटी पुरत नाही. एका मिलिमीटरचे रबर घर्षण थांबवते, पण पुढच्या चाकाने भिरकावलेल्या खडीचा घाव त्यातून नळीपर्यंत पोहोचतो. त्यासाठी टायर हवा. गुळगुळीत झालेला शहरी किंवा रस्त्यावरचा टायर घ्यावा, जाड गोट्यांचा डोंगरी टायर घेऊ नये, कारण त्याच्या गोट्यांत चिखल धरून राहतो.

टायरच्या दोन्ही काठांत बहुधा पोलादी तार असते. ती कात्रीने कापण्याच्या फंदात पडू नये, कात्री बिघडते आणि तारेची टोके हाताला लागतात. काठापासून एक बोट आत, बाजूच्या पातळ कापडी भागातून धारदार कटरने कापत जावे, म्हणजे तारेसकट काठ वेगळा होतो. कटर नेहमी स्वतःपासून दूर चालवावा आणि टायर लाकडी फळीवर ठेवावा. उरलेल्या पट्ट्यातून तीस सेंटीमीटर लांब तुकडा घ्यावा. टायरला मुळातच गोलाई असल्यामुळे तो तिरक्या दांडीवर स्वतःहून बसतो. रुंदी दांडीच्या निम्म्या परिघाएवढी असावी, पूर्ण वेढा नको. चारही कोपरे गोल कापावेत, टोकदार कोपरे आधी उचकटतात.

टायरची आतली बाजू खरबरीत असते. तिच्यात धूळ शिरली की तीच रंग खाते, म्हणून टायर आणि दांडी यांच्यामध्ये ट्यूबची एक पट्टी द्यावी. मग बीबीपासून दोन बोटे वर सुरुवात करून तुकडा दांडीच्या पोटाला लावावा आणि तीन केबल टायने बांधावा. टाय ब्रेकच्या उघड्या तारेवरून जाऊ नयेत. बीबीच्या कवचाला खालून एक बारीक भोक असते, फ्रेममध्ये शिरलेले पाणी तिथून निघते. ते भोक कोणत्याही परिस्थितीत झाकले जाऊ नये. वरच्या टोकाला पुढचे चाक दांडीच्या किती जवळ येते ते हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. एवढ्या तुकड्याचे वजन साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास भरते, त्यामुळे चढावर त्याचा भार जाणवत नाही.

खडी मुळात उडूच नये म्हणून पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला टायरचा हाताच्या पंजाएवढा तुकडा दोन लहान नट-बोल्टने लावता येतो. जमिनीपासून आठ-दहा सेंटीमीटर वर थांबणारा हा पडदा तिरकी दांडी, बीबी आणि चेन या तिन्हींवरचा चिखल कमी करतो. माझ्या मते मडगार्ड असलेल्या सायकलीवर सगळ्यांत आधी करावे असे काम हेच आहे.

वायरी जिथे घासतात

हॅण्डलजवळच्या वायरींसाठी फ्रेम झाकण्यापेक्षा वायर झाकणे सोपे पडते. बारीक ट्यूबचे बोटभर रुंदीचे तुकडे कापावेत, लांबीला चिरावेत आणि आऊटरभोवती, नेमक्या घासणाऱ्या जागी, दोन वेढे देऊन चिकटपट्टीने बांधावेत. आडव्या दांडीखालून जाणारी उघडी तार खडबडीत रस्त्यावर दांडीवर वाजते. तिच्यासाठी जुन्या आऊटरवरचे प्लास्टिकचे आवरण ब्लेडने लांबीला चिरून सोलावे, आतले पोलादी वेटोळे टाकून द्यावे आणि प्लास्टिकचे दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे तारेवर बसवावेत. दोन तुकडे पुरतात. ब्रेक दाबून सोडल्यावर तार पूर्वीसारखीच मोकळी परत येते ना, ते पाहूनच सायकल बाहेर काढावी.

पाणी आत शिरण्याच्या दोन वाटा

सीटचा दांडा जिथे उभ्या नळीत शिरतो तिथे मागच्या बाजूला एक चीर असते. मडगार्ड नसलेल्या सायकलीत मागच्या चाकाचे पाणी थेट त्या चिरेवर येते, तिथून उभ्या नळीत आणि पुढे बीबीत उतरते. बीबीचे छर्रे खराब होण्याचे कारण कित्येकदा वरून आलेले हे पाणी असते.

इथे न चिरलेली नळी लागते. दांड्याची जाडी २७.२ मिलिमीटर असेल तर त्याचा परीघ सुमारे साडेआठ सेंटीमीटर होतो. बारीक टायरची ट्यूब सपाट ठेवून मोजली तर तीन-साडेतीन सेंटीमीटर भरते, म्हणजे तिचा परीघ सहा-सात सेंटीमीटर. ती ताणून घट्ट बसते. जाड टायरची ट्यूब इथे ढिली पडते. सात-आठ सेंटीमीटरचा तुकडा घ्यावा, सीटचा दांडा खुणेची पट्टी लावून काढावा म्हणजे उंची बदलणार नाही, तुकडा त्यावर खालून चढवून वर सरकवून ठेवावा. दांडा पुन्हा बसवून पकड घट्ट केल्यावर तुकड्याची खालची कड ताणून पकडीवर आणि चिरेवर ओढावी. दांड्याच्या नळीत जाणाऱ्या भागावर ग्रीस असलेच पाहिजे, विशेषतः पोलादी दांडा अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये असेल तर, नाहीतर दोन धातू एकमेकांना धरून बसतात. बाहेरच्या भागावरचे ग्रीस मात्र पुसावे, रबर तिथेच बसणार आहे. हे आवरण कार्बनच्या फ्रेमलाही चालते, कारण ते कुठेही आवळत नाही. कार्बनच्या दांड्याला मात्र साधे ग्रीस न लावता त्यासाठीची वेगळी पेस्ट लावावी.

दुसरी वाट हॅण्डलखालच्या नळीच्या तळाशी, म्हणजे पुढचा चिमटा जिथे फ्रेमला मिळतो तिथे. चार सेंटीमीटर रुंद पट्टीचा एकच वेढा नळीच्या तळाशी असा घालावा की तिची खालची कड सांध्यावर परकरासारखी लोंबेल, आणि केबल टाय फक्त वरच्या कडेला लावावा. खालची कड मोकळी असल्यामुळे हॅण्डल अडत नाही. दोन्ही कडा बांधल्या तर चिमट्याबरोबर रबर पिळले जाते आणि हॅण्डल स्वतःहून मधोमध येऊ पाहते, हे चालवताना धोक्याचे आहे.

कुलूप, कॅरिअर, पिशव्या

साखळीच्या कुलपावर जाड टायरची ट्यूब मोज्यासारखी चढवली की आडव्या दांडीचा रंग वाचतो आणि साखळीचा आवाजही जातो. कॅरिअर, स्टँड किंवा मडगार्डच्या पकडी जिथे फ्रेमवर आवळल्या जातात तिथे ट्यूबचा एकेरी तुकडा द्यावा. रबर दबते म्हणून आठवड्याने तो स्क्रू पुन्हा एकदा तपासावा. कार्बनच्या नळीवर धातूची पकड, खाली रबर असले तरी, आवळू नये. पिशव्यांचे पट्टे फ्रेमवर बांधण्याआधी त्या जागेची धूळ पुसावी आणि मग ट्यूबची पट्टी द्यावी.

रबर काढून पाहण्याचे वेळापत्रक

रबराखालची फ्रेम डोळ्यांआड जाते, आणि भेग असो वा गंज, तो तिथेच वाढतो. म्हणून नळ्यांच्या जोडांवर, वेल्डिंगच्या रेषांवर आणि मागच्या चाकाच्या खाचांजवळ रबर कधीही गुंडाळू नये, त्या जागा रोज दिसल्या पाहिजेत. कार्बनवर खोल ओरखडा, उचललेला धागा किंवा टकटक केल्यावर बसका आवाज आढळला तर वर पट्टी न बांधता सायकल जाणत्या मेकॅनिकला दाखवावी. डिस्क, रिम आणि स्पोक यांच्या जवळ सुटी पट्टी किंवा लोंबणारे टोक राहू देऊ नये.

जून ते सप्टेंबर या काळात पोलादी सायकलीवरचे आवरण दर पंधरवड्याला आणि इतर सायकलींवरचे महिन्यातून एकदा उघडावे, कोरडे करावे आणि पुन्हा बसवावे. पावसात भिजून आल्यावर सायकल लगेच प्लास्टिकने झाकू नये, आधी तासभर वाऱ्याला ठेवावी. दसऱ्याला सायकल धुऊन पूजेला ठेवतात, त्या वेळी सगळे रबर एकदम उतरवावे, फ्रेम डोळ्यांखालून घालावी, गाडीचे मेणाचे पॉलिश लावून ते पूर्ण वाळू द्यावे आणि नव्या पट्ट्या बसवाव्यात. तेलाने फुगलेल्या जुन्या पट्ट्या पुन्हा वापरू नयेत.

प्रवासात फ्रेम वाचवणारा जुना आस

नाशिकरोडहून रेल्वेने किंवा एसटीने सायकल दूर न्यायची असेल तर चाके काढावी लागतात, आणि चाक काढलेला चिमटा हा फ्रेमचा सर्वांत नाजूक भाग होतो. सामानाखाली दबून त्याचे दोन पाय आत झुकतात. यावर उपाय म्हणजे बाद झालेल्या चाकाचा आस.

क्विक रिलीज (पान्याशिवाय, खटका उघडून चाक काढण्याची सोय) असलेल्या बहुतेक गिअरच्या सायकलींत पुढच्या चिमट्याच्या खाचांमधले आतले अंतर १०० मिलिमीटर असते, मागे ते १३० किंवा १३५ मिलिमीटर असते. साध्या सायकलींत ते वेगळे असते, म्हणून पट्टीने मोजूनच घ्यावे. दुकानातून जुना आस आणि त्यावर बसणारे चार नट घ्यावेत. दोन नट आतल्या बाजूला असे फिरवावेत की त्यांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर खाचांमधल्या अंतराएवढे होईल. त्यावर ट्यूबची वॉशरसारखी चकती घालावी, आस खाचांत बसवावा आणि बाहेरून उरलेले दोन नट पान्याने हलके आवळावेत. आता चिमटा दोन्ही बाजूंनी दबला तरी झुकत नाही. मागच्या खाचांतही असाच आस लावावा, त्यावर चेन टेकवून केबल टायने बांधली तर ती चेनस्टेवर आपटत नाही. जाड थ्रू-एक्सल (चिमट्याच्या भोकांतून आरपार जाणारा आस) असलेल्या सायकलीत तिचाच आस परत बसवून ठेवावा, पण रिकाम्या जागी तो फार घट्ट करू नये.

पुढच्या दातेरी चकतीवर टायरचा लांबीला चिरलेला तुकडा बसवावा आणि सोडवलेल्या चाकांचे आस फ्रेमला टोचणार नाहीत अशा बेताने मध्ये टायरचा दुसरा तुकडा घालावा. मुक्कामी पोहोचून चाके चढवल्यावर हे दोन्ही जुने आस, नट आणि रबराच्या चकत्या एका पिशवीत घालून सीटखाली बांधाव्यात, कारण परतीच्या प्रवासात त्या पुन्हा लागणार असतात.